संगणक बुडाला तरी धंदा चालू: बाहेरच्या ड्राइव्हवरून ऑपरेटिंग सिस्टीम कशी चालवायची?

या वेळच्या व्हिडिओत मी एक छोटी एसएसडी खिशातून काढली, दुसऱ्याच्या लॅपटॉपला लावली आणि त्यावर माझा स्वतःचा संगणक सुरू केला. मग बऱ्याच जणांनी विचारलं की सर, हे नेमकं काय झालं, आणि आमच्यासारख्या छोट्या धंदेवाल्याला याचा काय उपयोग? व्हिडिओत घाईत सांगितलेलं इथे जरा सविस्तर लिहितो. लॅपटॉप समोर घेऊन सावकाश वाचा.

आधी उपयोगाचं बोलू.

३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर राहणारा कोणी विसरलेला नाही. त्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला ते जमिनीवर आलं, ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा होता. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची कौलं आणि पत्रे उडाले. कित्येक गावांत पुढे बरेच दिवस वीज नव्हती. माझ्या बॅचमध्ये नंतर आलेल्या एका दादांचं तिकडे घरगुती निवास-न्याहारीचं काम आहे. पत्रा उडाला आणि ऑफिसच्या खोलीतला संगणक पावसात भिजून गेला. आता गंमत बघा, दादा हुशार होते. महिन्याला एकदा सगळ्या फायली एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी करून ती लोखंडी कपाटात ठेवायचे. बॅकअप शाबूत होता!

पण तो उघडायचा कशावर? माणगावला मेहुण्यांचा लॅपटॉप होता. त्यात हिशोबाचं सॉफ्टवेअर नाही, टाकायचं तर लायसन्सचा नंबर भिजलेल्या कागदात. मराठी बिलं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, ती उघडली की अगम्य अक्षरं. ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड जुन्या संगणकाबरोबर गेले. त्यात लॉकडाऊनमुळे रद्द झालेल्या बुकिंगचे ॲडव्हान्स परत करायचे होते आणि कोणाचे किती, ते सगळं त्या फायलींत. ॲडव्हान्सचे पैसे मागणारा पाहुणा तुमच्याकडे वादळ आलं होतं हे ऐकून घेतो, पण दोनदाच.

फायली जपणं आणि काम करण्याची अख्खी मांडणी जपणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजचा विषय दुसऱ्या गोष्टीचा आहे.

हे चालतं कसं?

संगणकाचं बटण दाबलं की आधी मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्राम जागा होतो. जुन्या लोकांच्या तोंडी त्याचं नाव बायोस, हल्लीच्या मशिनवर यूईएफआय. त्याचं काम एवढंच की जोडलेल्या ड्राइव्हपैकी कशावर ऑपरेटिंग सिस्टीम आहे ते शोधायचं आणि तिच्या हाती कारभार सोपवायचा. ती आतल्या हार्ड डिस्कवरच असली पाहिजे असा काही नियम नाही. यूएसबीला लावलेल्या ड्राइव्हवर असली तरी त्याला चालतं. आतल्या डिस्कला हातही न लावता प्रोसेसर, रॅम, स्क्रीन आणि कीबोर्ड त्या मशिनचे वापरायचे. सिस्टीम, सॉफ्टवेअर आणि फायली आपल्या खिशातल्या. भाड्याच्या गाळ्यात स्वतःचं सामान लावून दुकान थाटण्यासारखंच.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. "सर, लिनक्सचा पेनड्राइव्ह तर मी केलाय, पण बंद केल्यावर सगळं पुसलं जातं!" बरोबर आहे, कारण तो लाइव्ह पेनड्राइव्ह असतो. तो सिस्टीम बघायला आणि इन्स्टॉल करायला असतो. त्यात केलेलं काम रॅममध्ये राहतं आणि वीज गेली की जातं. आपल्याला हवं आहे पूर्ण इन्स्टॉलेशन. म्हणजे बाहेरच्या ड्राइव्हलाच हार्ड डिस्क समजून तिच्यावर सिस्टीम कायमची बसवायची. मग फाइल सेव्ह केली की राहते, अपडेट केलं की राहतं.

विंडोज की लिनक्स?

मला विंडोजचं वावडं नाही, माझंही निम्मं काम त्यावरच होतं. पण बाहेरच्या ड्राइव्हसाठी उत्तर सरळ आहे: लिनक्स.

मायक्रोसॉफ्टने २०१२ साली विंडोज ८ च्या एंटरप्राइझ आवृत्तीबरोबर 'विंडोज टू गो' नावाची सोय आणली होती, नेमकी याच कामासाठी. मे २०२० च्या विंडोज १० अपडेटमध्ये ती काढून टाकली. म्हणजे आपल्याकडे वादळ यायच्या आठवडाभर आधी, घ्या! आज विंडोजचा नेहमीचा इन्स्टॉलर यूएसबी ड्राइव्हवर बसायला नकार देतो. रूफससारख्या मोफत साधनाने तरीही ते बसवता येतं. पण विंडोजचं लायसन्स बहुतेक वेळा मशिनशी बांधलेलं असतं, मशिन बदललं की ॲक्टिव्हेशनची कटकट. ड्राइव्ह नव्या मशिनला लावला की ड्रायव्हर शोधण्यात वेळ जातो, तो वेगळाच. धंद्याच्या कामाला असला कच्चा पाया नको.

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर सिस्टीमच्या पोटातच असतात. त्यामुळे आज डेल, उद्या लेनोव्हो, परवा एचपी, बहुतेक ठिकाणी ती मुकाट्याने सुरू होते. शिवाय फुकट आहे. नवशिक्यांना मी लिनक्स मिंट सुचवतो, चेहरामोहरा विंडोजसारखा आहे. उबुंटूही चांगली. मिंट २२ आणि उबुंटू २४.०४ या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आपल्या सी-डॅकचीही 'बॉस' नावाची भारतीय भाषांवर भर देणारी लिनक्स आहे. आणि लिनक्स किंवा लिबर ऑफिस मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे मराठी व्हिडिओ आहेत, मोफत. आमच्या चॅनेलच्या आधी ते बघितले तरी मला राग नाही.

आणखी एक कारण आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. तुमच्या दुकानातला आठ-दहा वर्षांचा लॅपटॉप त्यात बसत नसेल तर तो लगेच भंगारात घालू नका. आतलं विंडोज जसंच्या तसं ठेवून बाहेरच्या एसएसडीवर मिंट चालवून बघा. पटलं नाही तर केबल काढायची, विषय संपला.

हार्ड डिस्क की एसएसडी?

नाव "एक्स्टर्नल हार्ड डिस्क" असं तोंडात बसलंय, पण फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क या कामाला घेऊ नका. एकच मोठी फाइल वाचायची असेल तर ती सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास वाचते. पण ऑपरेटिंग सिस्टीम मोठी फाइल वाचतच नाही, ती हजारो बारीक फायली इकडून तिकडून उचलते. तिथे तबकडीवरची सुई इकडे तिकडे धावत बसते आणि वेग सेकंदाला एखाद-दुसऱ्या एमबीवर येतो. चालेल, पण चहा पिऊन याल तोवर डेस्कटॉप दिसेल. पुन्हा ती चालू असताना टेबलावरून पडली तर संपलीच. एसएसडीत फिरणारं काही नसतं.

२५६ जीबीची साधी साटा एसएसडी आणि तिला बसणारी यूएसबी ३ ची केस, एवढं पुरे. सीझनमध्ये तुम्ही एसी खोलीचं एका रात्रीचं जे भाडं घेता, त्याच्या आसपास काम होतं. लॅपटॉपच्या निळ्या पोर्टला लावा. निळा म्हणजे साधारणपणे यूएसबी ३, सेकंदाला ५ गिगाबिटचा. जुना काळा पोर्ट यूएसबी २ असेल तर ४८० मेगाबिटचाच. फरक दहापट आहे. साध्या पेनड्राइव्हवर पूर्ण सिस्टीम बसवू नका, सतत लिहून लिहून तो लवकर मरतो.

किनाऱ्यावरच्या लोकांसाठी एक जादा सूचना. खाऱ्या हवेने यूएसबीची तोंडं गंजतात, केबल सैल होते. आणि सिस्टीम चालू असताना केबल हलली म्हणजे चालत्या गाडीचं इंजिन बाहेर काढलं! केबल आखूड आणि घट्ट बसणारी घ्या. ड्राइव्ह झिपच्या प्लास्टिक पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा.

बसवायची कशी, आणि सगळे जिथे फसतात ती जागा

लागतं काय? किमान ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह, ती एसएसडी, आणि मिंटची साधारण ३ जीबीची फाइल डाउनलोड करण्यापुरतं इंटरनेट. विंडोजवर रूफस उघडायचं, पेनड्राइव्ह निवडायचा, मिंटची फाइल निवडायची, स्टार्ट. पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जाईल, लग्नाचे फोटो आधी काढून घ्या. मग संगणक बंद करून, पेनड्राइव्ह लावून सुरू करताना बूट मेन्यूची की दाबत राहायची. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ १२, एचपीला एस्केप आणि मग एफ ९, असुसच्या लॅपटॉपला एस्केप, एसरला एफ १२ (पण काही एसरमध्ये ती आधी बायोसमधून चालू करावी लागते). यादीतून पेनड्राइव्ह निवडा, मिंट समोर येईल.

त्याआधी विंडोजमध्येच दोन गोष्टी तपासा. पहिली, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का. असेल तर बायोसमध्ये हात घातल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, आधी काढून वहीत लिहून ठेवा. नंतर आठवून काही होत नाही. दुसरी, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की 'शट डाउन' करूनही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्समधून त्याच्या फायलींना हात लावणं धोक्याचं ठरतं.

आता फसण्याची जागा. इन्स्टॉलर विचारतो कुठे बसवू, तुम्ही बरोबर बाहेरची एसएसडी निवडता, सगळं सुरळीत होतं. पण सिस्टीम सुरू करून देणारा जो छोटा भाग असतो, बूटलोडर, तो हा इन्स्टॉलर अनेकदा गुपचूप आतल्या डिस्कवर टाकतो. तुम्ही एसएसडी दाखवलेली असली तरी! उबुंटूच्या घराण्यातली ही जुनी खोड आहे. परिणाम दोन. एसएसडी दुसऱ्या मशिनला लावली की सुरूच होत नाही, कारण तिची किल्ली पहिल्या मशिनमध्ये राहिली. आणि एसएसडी काढून पहिलं मशिन चालू केलं की विंडोजऐवजी काळ्या पडद्यावर 'ग्रब' एवढंच येतं. इथे भल्याभल्यांना घाम फुटतो. विंडोज उडालेलं नसतं. बूट मेन्यूत जाऊन 'विंडोज बूट मॅनेजर' निवडा, ते समोर येईल. मग बायोसमध्ये त्याचा नंबर पहिला लावा.

पण हे टाळायचाच एक गावठी आणि पक्का उपाय आहे: इन्स्टॉल करताना आतली डिस्क तिथे असूच देऊ नका. डेस्कटॉप असेल तर तिची केबल काढा. लॅपटॉप असेल तर काहींच्या बायोसमध्ये आतली डिस्क बंद करायची सोय असते. नसेल तर दुरुस्तीवाल्या पोराकडून दहा मिनिटांसाठी काढून घ्या. मग मशिनला दिसते फक्त तुमची एसएसडी. इन्स्टॉलरमध्ये 'इरेज डिस्क' म्हणा, भीती नाही, कारण पुसायला दुसरं काही नाहीच. एरवी याच 'इरेज डिस्क'ने लोकांची अख्खी दुकानं पुसली गेली आहेत, म्हणून आतली डिस्क जागेवर असताना ते बटण दाबायचं नाही म्हणजे नाही.

असं केल्याने आणखी एक फायदा होतो. त्याच पडद्यावर एन्क्रिप्शनचा पर्याय मिळतो, तो घ्या. खिशातला ड्राइव्ह मांडव्याच्या बोटीत राहिला किंवा एसटीत पडला तर ज्याला सापडेल त्याला तुमच्या गिऱ्हाइकांचे आधार कार्डाचे फोटो दिसता कामा नयेत. होमस्टेवाल्यांनी तर हे घ्यायलाच हवं. मात्र तो पासवर्ड विसरलात तर मीसुद्धा काही करू शकत नाही, ना दुसरं कोणी.

बसवून झालं की लगेच एसएसडी एका वेगळ्या कंपनीच्या मशिनला लावून सुरू करून बघा. या पायरीला पन्नास टक्के लोक "सर, उद्या बघतो" म्हणतात. ग्राफिक्स कार्डाचा खास ड्रायव्हर बसवायचा मोह टाळा, तो एका मशिनला गोड आणि दुसऱ्याला कडू.

साडेपाच तासांचं भूत

हा किस्सा इतक्यांदा ऐकलाय की वेगळा लिहितो. लिनक्स वापरून परत विंडोजवर गेलात की घड्याळ साडेपाच तास मागे! कारण मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून नेमका तेवढाच फरक. हसण्यावारी नेऊ नका. सकाळी नऊला केलेल्या बिलावर पहाटे साडेतीनची वेळ पडते, आणि पहाटे बिल केलंत तर तारीखच आदल्या दिवसाची. घड्याळ चुकलं की बँकेच्या साइटही कधी कधी उघडत नाहीत. लिनक्सला "स्थानिक वेळ ठेव" असं सांगणारी एका ओळीची कमांड आहे, व्हिडिओत स्क्रीनवर दाखवली आहे. एकदाच द्यायची.

यावर धंद्याचं काय होतं, काय होत नाही

ब्राउझरमधलं सगळं होतं: जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, नेट बँकिंग, व्हॉट्सॲप वेब, बुकिंगच्या साइट. मालकीचा एकट्याचा धंदा असेल तर जीएसटी रिटर्न मोबाइलवरच्या ओटीपीने भरता येतं. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सहीचा डोंगल लागतो, आणि त्याचं काम विंडोजवरच करणं शहाणपणाचं. एक्सेलच्या फायली लिबर ऑफिसमध्ये उघडतात, पण मॅक्रो टाकलेल्या असतील तर तपासून घ्या.

टॅली विंडोजसाठीच आहे. जुगाड करून लिनक्सवर चालवणारे भेटतील, तुम्ही करू नका. टॅलीवाल्यांसाठी माझा सल्ला असा की टॅली आतल्या विंडोजवरच राहू दे, बाहेरच्या ड्राइव्हवर बुकिंग, बिलं, पत्रव्यवहार, आणि टॅलीच्या बॅकअपसोबत खतावणी-शिल्लक पत्रकांच्या पीडीएफ ठेवा. पीडीएफ कुठेही उघडते. जीएसटी कायद्यात हिशोब वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायला सांगितलंय. सहा वर्षांत आपल्या किनाऱ्यावर किती पावसाळे आणि किती वादळं येतात, ते तुम्हीच मोजा.

आधारचे बोटांच्या ठशांचे यंत्र वापरणारी सेवा केंद्रं, आणि ज्यांची सगळी मराठी कागदपत्रं जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये आहेत असे डीटीपीवाले, यांनी घाई करू नये. आजपासून नवं मात्र युनिकोडमध्येच टाइप करा. मिंटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन मिनिटांत चालू होतो. प्रिंटरचं म्हणाल तर बरेचसे आपोआप ओळखले जातात, पण काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सला असहकार पुकारतात. नवा घेण्याआधी लाइव्ह पेनड्राइव्ह घेऊन दुकानात जा आणि तिथेच प्रिंट काढून बघा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.

आणि हो, हा ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. तो तुमचा चालता संगणक आहे, तोही मरू शकतो. त्यातल्या फायलींची एक प्रत घरच्या दुसऱ्या डिस्कवर आणि एक क्लाउडवर किंवा गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे. त्या दादांनी आता तेच केलंय: एसएसडी नेहमी सोबत, हार्ड डिस्क कपाटात, आणि तिसरी प्रत माणगावला मेहुण्यांकडे. शिवाय मेहुण्यांच्या लॅपटॉपची बूट मेन्यूची की कोणती, ते एसएसडीच्या केसवर मार्करने लिहिलंय. ३१ मे ला दर वर्षी माणगावला जाऊन एकदा सुरू करून बघतात, जेवतात आणि परत येतात.